डिलीट झालेली डिझाइन फाइल परत मिळाली, पण उघडत का नाही?

लग्नपत्रिकेची फाइल पेन ड्राइव्हमधून चुकून डिलीट झाली. रिकव्हरी सॉफ्टवेअरने ती शोधून काढली. नाव तेच, साइजही तीच. पण कोरल ड्रॉमध्ये उघडायला गेलं की 'फाइल खराब आहे' असा मेसेज येतो. एसटीने स्वारगेटला उतरून पेन ड्राइव्हसकट थेट छपाईवाल्याचं दुकान गाठणाऱ्याच्या बाबतीत असं घडलं, तर त्याच्या हातात वेळ फार थोडा असतो. अशा वेळी फाइल खरंच गेली आहे की अजून वाचू शकते, हे कसं ओळखायचं?

डिलीट झाल्यावर नेमकं काय होतं?

विंडोजमध्ये पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेली फाइल साधारणपणे रिसायकल बिनमध्ये जात नाही. ती थेट यादीतून निघते, पण तिचा मजकूर लगेच पुसला जात नाही. फक्त ती जागा 'रिकामी' मानली जाते.

अनेक पेन ड्राइव्ह 'फॅट ३२' पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात. त्यात मोठी फाइल छोट्या तुकड्यांत साठवली जाते आणि कोणत्या तुकड्यानंतर कोणता तुकडा येतो, याची साखळी एका तक्त्यात असते. डिलीट करताच ही साखळी पुसली जाते. उरतं ते फाइलचं नाव (त्याचंही पहिलं अक्षर जातं), साइज आणि पहिल्या तुकड्याचा पत्ता.

मग रिकव्हरी सॉफ्टवेअर अंदाज बांधतं की सगळे तुकडे एकापाठोपाठ असतील. तसे असले, तर फाइल उघडते. ते विखुरलेले असले किंवा मध्ये दुसरी फाइल येऊन बसली, तर साइज बरोबर दिसते, पण आत भलताच मजकूर भरलेला असतो. म्हणून नाव आणि साइज बरोबर असणं म्हणजे फाइल वाचली, असं नाही.

लॅपटॉपच्या एसएसडीमध्ये अडचण आणखी मोठी असते. तिथे 'ट्रिम' नावाची सोय डिलीट झालेली जागा मोकळी करायला सांगते. त्यानंतर मिळालेल्या फाइलमध्ये अनेकदा फक्त शून्यं असतात. अशी फाइल कोणतंही रिपेअर सॉफ्टवेअर जिवंत करू शकत नाही.

फाइल वाचेल का, हे कसं तपासायचं?

आधी फाइलची कॉपी करा आणि ती कॉपी हेक्स एडिटरमध्ये उघडा. फोटोशॉपची पीएसडी फाइल '८, बी, पी, एस' या चार खुणांनी सुरू होते. कोरल ड्रॉ एक्स ४ (२००८) आणि त्यानंतरच्या फाइल 'पी, के' या अक्षरांनी सुरू होतात, कारण त्या मुळात झिप फाइल असतात. सुरुवातीला हे दिसलं तर आशा आहे. सगळीकडे शून्यं दिसली, तर वेळ घालवू नका.

काय करून पाहता येईल?

• कोरलची फाइल: कॉपीच्या नावातलं 'सीडीआर' बदलून 'झिप' करा आणि रिपेअरची सोय असलेल्या सॉफ्टवेअरने दुरुस्त करून पाहा. झिपची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते, त्यामुळे शेपूट तुटलं की अख्खी फाइल उघडत नाही. पूर्ण डिझाइन नाही, तरी आतलं छोटं चित्र कधी कधी हाती लागतं.

• पीएसडी: गिंपसारख्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहा.

• इलस्ट्रेटरची एआय फाइल: ती पीडीएफशी सुसंगत ठेवून सेव्ह केलेली असेल, तर पीडीएफ रीडरमध्ये उघडू शकते.

फाइल उघडली, पण मराठी अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात? बहुतेक वेळा फाइल ठीक असते, त्या कॉम्प्युटरवर फॉन्ट नसतो. श्री-लिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असं होतं. योग्य फॉन्ट टाकला की मजकूर परत दिसतो. तसंच, कोरलच्या नव्या आवृत्तीत केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. तेही फाइल खराब झाल्याचं लक्षण नाही.

या चुका टाळा

फाइल गेल्याचं लक्षात येताच त्या ड्राइव्हवर काहीही सेव्ह करू नका. रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर टाकू नका आणि सापडलेल्या फाइलही दुसरीकडेच साठवा. शक्य असेल तर आधी अख्ख्या ड्राइव्हची इमेज काढा आणि तिच्यावरच प्रयोग करा. अनोळखी 'ऑनलाइन रिपेअर' साइटवर ग्राहकांचे पत्ते, फोन नंबर असलेली फाइल टाकू नका. दुकानात काम दिलं, तर पैसे देण्याआधी फाइल उघडून दाखवायला सांगा. नुसती यादी पाहून समाधान मानू नका.

रिकव्हरीपेक्षा सोपा मार्ग

कोरल मूळ फाइलच्या फोल्डरमध्ये 'बॅकअप ऑफ' अशा नावाची प्रत ठेवू शकतं, ती शोधा. ग्राहकाला व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलने पाठवलेली फाइल पाहा. आधी छपाई झाली असेल, तर छपाईवाल्याच्या कॉम्प्युटरवर टिफ, जेपीजी किंवा पीडीएफ प्रत असू शकते. तिच्यात लेयर मिळणार नाहीत, पण उद्याचा फ्लेक्स वेळेत लागेल.