कवटीचा तळ : एका जन्मजात व्यंगाची कथा



रेवसच्या धक्क्यावर कोळणी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन ताठ मानेनें चालतात. त्या भाराचा आधार म्हणजे कवटीचा तळ आणि मानेचे पहिले दोन मणके. कवटीच्या तळाला एक मोठें रंध्र असतें; त्यांतून मेंदूचा देठ मज्जारज्जू होऊन खालीं उतरतो. आईच्या पोटांत पहिल्या कांहीं आठवड्यांत ही घडण क्वचित् बिघडते. पहिला मणका कवटीलाच चिकटून राहतो, किंवा दुसऱ्या मणक्याचें दातासारखें टोंक रंध्रांत वर शिरतें. पुष्कळांना याचा पत्ताही नसतो. प्रौढपणीं पडल्याझडल्यामुळें मानेचें क्ष-किरणचित्र काढावें, आणि व्यंग अवचित उघडकीस यावें!

प्रारंभीं हें ज्ञान मृतांच्या हाडांवरूनच मिळे. आकरमान या जर्मन शारीरशास्त्रज्ञानें १७९० सालीं आल्प्स पर्वतांतील खुरट्या वाढीच्या लोकांत अशा कवट्या वर्णिल्या. १८९५ सालीं राँटगेननें क्ष-किरण शोधले आणि जिवंत माणसाचें हाड दिसूं लागलें. अमेरिकेच्या चेंबरलेन यांनीं १९३९ सालीं टाळूच्या मागच्या कडेपासून रंध्राच्या मागच्या कडेपर्यंत एक रेषा कल्पिली; मणक्याचें टोंक तिच्या फार वर गेलें, कीं दोष ओळखावा.

पुढील इतिहासांत मुंबईचें नांव मानानें घ्यावें लागतें. डॉ. नोशीर वाडिया यांनीं १९६७ सालीं 'ब्रेन' या इंग्रजी नियतकालिकांत, पहिले दोन मणके जन्मतः निखळलेले असल्यामुळें मज्जारज्जूला इजा पोंचलेल्या २८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परळच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. अतुल गोयल यांनीं ते मणके पट्टी व स्क्रू यांनीं जखडण्याची रीत योजिली. १९९४ सालीं ती छापून आली व पुढें देशोदेशीं गेली.

मग व्यंग सांपडलें म्हणून भ्यावें काय? मुळींच नाहीं. केवळ चित्रांत दिसलें एवढ्यानें शस्त्रक्रिया लागतेच असें नाहीं. परंतु हातापायांना मुंग्या येणें, चालतांना तोल जाणें, बोटांतील शक्ति उणावणें, अशीं लक्षणें दिसतांच मेंदूच्या तज्ज्ञाकडे जावें. तोंवर डोक्यावर ओझें घेऊं नये. आणि न्हाव्याकडून वा हाडवैद्याकडून मान कडकडां मोडून घेण्याची हौस अशा माणसाच्या जिवावर बेतूं शकते, हें घरोघर सांगावें. रेवसहून लाँचनें भाऊच्या धक्क्याला उतरणाऱ्यास परळ कांहीं दूर नाहीं.