शाळेचे दिवस आणि मुलांचे दिवस

निजामी अमलात परभणीच्या सरकारी शाळांना साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची असे. दप्तरी वर्ष फसली. ते ऑक्टोबरात आजूर महिन्याने सुरू होई आणि इसवी सनाच्या सुमारे 590 वर्षे मागे चाले. फसल म्हणजे पीक. नाव पिकाचे असले तरी कालमान सारावसुलीच्या सोयीचे होते. सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान संपले. शुक्रवार जाऊन रविवार आला, फसली सनाची जागा इसवी सनाने घेतली. तारखा मात्र दूरच्या कचेरीतच ठरत राहिल्या, आधी हैदराबादेत, पुढे मुंबई-पुण्यात.

1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. तरीही सत्र कधी सुरू करायचे, दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी कधी द्यायची, हे शिक्षण संचालनालयाच्या परिपत्रकातून कळते. वर्षाच्या एकूण सुट्ट्या 76 पेक्षा अधिक नकोत, कामाचे दिवस किमान 230 हवेत, ही माध्यमिक शाळा संहितेची चौकट. या चौकटीला दारेही आहेत. ऊन पाहून विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात. दीर्घ सुट्टीतले काही दिवस कापून ते गणेशोत्सवात किंवा नाताळात देण्याची मुभा शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने मिळते. म्हणजे ऊन आणि सण यांच्यासाठी वेळापत्रक वाकते.

ते कामाच्या हंगामासाठी वाकते का, हा परभणीचा प्रश्न आहे. गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम कधी सुरू व्हायचा, हे मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील मंत्री समिती दरवर्षी ठरवते. 2022 मध्ये ती तारीख 15 ऑक्टोबर, म्हणजे दिवाळीच्या आधीची होती. 2025 मध्ये 1 नोव्हेंबर. शाळेचे वेळापत्रकही सरकारच ठरवते. पण एकाच सरकारच्या या दोन कागदांची गाठ पडत नाही. मूल पहिले सत्र संपता संपता निघते, दुसरे सत्र जवळजवळ सगळे फडावर काढते आणि वार्षिक परीक्षेच्या तोंडावर परतते.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी 200 दिवस व 800 तास, सहावी ते आठवीसाठी 220 दिवस व 1000 तास अध्यापन बंधनकारक केले. हे माप शाळेचे आहे. शाळा 220 दिवस उघडी राहिली की कायदा पाळला गेला. वर्गातले एखादे मूल त्यातले किती दिवस बसले, हे त्या आकड्यात येत नाही. मुलाच्या दिवसांची मोजदाद दुसरीकडे होते. दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना 1992 पासून हजेरीसाठी रोज 1 रुपया भत्ता लागू झाला, अट 75 टक्के उपस्थितीची. आईबापांबरोबर फडावर गेलेली मुलगी या हिशेबातून आपोआप बाहेर पडते.

मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहे आहेत, जाणाऱ्यांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे. दोन्हींत मुलानेच शाळेच्या वेळापत्रकाशी जुळवून घ्यायचे असते.

याच कायद्याच्या कलम 9 मध्ये स्थानिक प्राधिकरणाच्या कर्तव्यांची यादी आहे. तिचे शेवटचे कलम आहे, शैक्षणिक दिनदर्शिका ठरवणे. ग्रामीण भागात हे प्राधिकरण म्हणजे जिल्हा परिषद. पाच महिने दूर असलेल्या मुलाला नुसते वेळापत्रक परत आणू शकत नाही, हे खरे. पण निघण्यापूर्वी सत्र परीक्षा उरकणे, परतल्यावर एप्रिल-मेमध्ये त्या मुलांसाठी वर्ग चालवणे आणि त्याच्या बदल्यात शाळेच्या सुट्ट्या इतरत्र वळवणे, एवढे नक्कीच करता येते. शुक्रवारचा रविवार करायला राज्य बदलावे लागले होते. यासाठी जिल्हा परिषदेचा एक ठराव आणि वरच्या कचेरीने त्याला दिलेला मान पुरेसा आहे.