पाऱ्याची झडप

ए. सी. प्रवाहानें वीज दूर नेण्याचें काम सोपें केलें खरें. परंतु समुद्र आडवा आला कीं त्याची मात्रा चालेना. समुद्रतळाशीं टाकलेली केबल ही एखाद्या मोठ्या रांजणासारखी असते. ए. सी. प्रवाह सेकंदास १०० वेळां दिशा पालटतो, आणि तितक्या वेळां हा रांजण भरावा व ओतावा लागतो. अंतर फार झालें म्हणजे केबलची सारी शक्ति त्यांतच खर्ची पडते. डी. सी. प्रवाहास ही पीडा नाहीं. मात्र ए. सी.चा डी. सी. करावयाचा आणि पैलतीरीं पुन्हां डी. सी.चा ए. सी., हें साधावें कसें?

स्वीडनमधील ‘आसेआ’ कंपनीचा अभियंता उनो लाम (जन्म १९०४) यानें या प्रश्नास ऐन तारुण्य वाहिलें. पाऱ्याच्या वाफेची झडप तेव्हां प्रचारांत होती. वाफेंतून विद्युत्-ज्योत एकाच दिशेनें जाई. पण दाब फार वाढविला कीं ती अवचित उलट फिरे व सारें काम ठप्प होई. झडपेच्या आंत मधले इलेक्ट्रोड बसवून तो दाब पायऱ्यापायऱ्यांनीं वांटावा, ही युक्ति लामनें १९२९ सालीं काढली. सांगावयास दोन ओळी. सिद्धीस जावयास २५ वर्षें! पाऱ्याची वाफ गणिताचें सदैव ऐकतेच असें नाहीं, म्हणून झडपा करून पाहणें व मोडणें हाच मार्ग. कारखान्याची वीज परीक्षेस पुरेना, तेव्हां ट्रोलहेटनच्या जलविद्युत्-केंद्राशीं परीक्षागृह उभारावें लागलें. मध्यंतरीं १९४३ त त्यानें नोकरी सांभाळून डॉक्टरेट मिळविली. कारखान्यांतील माणसास शास्त्र कशाला, असें पुसणारांनीं हें ध्यानीं घ्यावें.

१९५४ सालीं गोटलंड बेटास मुख्य भूमीवरून वीज मिळाली: अंतर सुमारें १०० किलोमीटर, दाब १ लक्ष व्होल्ट, शक्ति २० मेगावॉट. केबल एकच, परतीची वाट समुद्राच्या पाण्यांतून.

पण १९५७ त अमेरिकेंत सिलिकनचा थायरिस्टर निघाला, आणि १९७० त गोटलंडच्याच केंद्रांत थायरिस्टरच्या झडपा बसल्या. १९८६ त तेथील पाऱ्याच्या झडपांस निरोप मिळाला. लाम १९८९ पर्यंत हयात होता.

महाराष्ट्रांत चंद्रपूर ते पडघें ही ७५२ किलोमीटरची डी. सी. वाहिनी १९९९ त सुरू झाली. शक्ति १५०० मेगावॉट, दाब ५ लक्ष व्होल्ट. तिच्या झडपांत पाऱ्याचा थेंबही नाहीं. सिलिकनच्या चकत्या एकीपुढें एक रचलेल्या असतात, आणि एकीवरच सारा भार पडूं नये म्हणून दाब तेथेंही पायऱ्यापायऱ्यांनींच वांटून द्यावा लागतो.