पौगंडावस्थेतील उंचीवाढ
वयात येताना मुलामुलींची उंची दोन-तीन वर्षे झपाट्याने वाढते, तो टप्पा. जन्मानंतरची पहिली दोन वर्षे सोडली, तर माणूस पुन्हा कधी एवढ्या वेगाने वाढत नाही. एरवी शाळकरी मूल वर्षाला सु. ५ ते ६ सेंमी. उंच होते, ऐन भरात हा वेग मुलींत ८, तर मुलग्यांत ९ सेंमी.च्या आसपास जातो. मुलींचा भर सरासरी बाराव्या वर्षी येतो, मुलग्यांचा चौदाव्या. सहावी-सातवीत मुली उंच दिसतात त्या यामुळे.

सुरुवात मेंदूतून होते. हायपोथॅलॅमस आधी झोपेत, पुढे दिवसाही थांबून-थांबून संप्रेरक सोडू लागतो. त्यातून पीयूषिका ग्रंथी आणि मग बीजांडकोश किंवा वृषण कामाला लागतात. मुलींत पहिली खूण बहुधा स्तनांची गाठ, मुलग्यांत वृषणांची वाढ. आवाज फुटणे आणि मिसरूड नंतरचे. सगळे शरीरही एकदम वाढत नाही. आधी पावले, मग पाय, शेवटी धड. जूनमध्ये घेतलेले बूट दिवाळीलाच बोटांना लागतात. विजार आखूड पडते ती त्यानंतर.

उंची वाढवणारे आणि थांबवणारे संप्रेरक मात्र एकच : इस्ट्रोजेन. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा पट्टा असतो, तेथे नवे हाड तयार होते. इस्ट्रोजेन आधी या वाढीला जोर देते आणि मात्रा वाढत गेली की तोच पट्टा मिटवते. मुलग्यांतही हे काम टेस्टोस्टेरॉनपासून बनणारे इस्ट्रोजेनच करते. १९९४ मध्ये अमेरिकेत अशा एका पुरुषाची नोंद झाली, ज्याच्या पेशींवर इस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता. अठ्ठाविसाव्या वर्षी तो २०४ सेंमी. उंच होता आणि वाढ चालूच होती.

‘पाळी आली की उंची थांबली’ हा घरोघरचा समज अर्धाच खरा आहे. पाळी येते ती भर ओसरू लागल्यावर. त्यानंतरही साधारणतः ५ ते ७ सेंमी. वाढ होते.

सलग मोजणीची सर्वांत जुनी प्रसिद्ध नोंद फ्रान्समधील माँबेयार यांची. त्यांनी १७५९ ते १७७७ या काळात आपल्या मुलाची उंची वेळोवेळी टिपली. भारतीय मुलांसाठी इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचे २०१५ चे वाढतक्ते वापरतात. वाढ किती उरली, हे डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून अजमावतात. मुलीत आठव्या, मुलग्यात नवव्या वर्षाआधी बदल दिसू लागले, तर तपासणी आवश्यक ठरते. अशी मुले वर्गात सर्वांत उंच असतात, म्हणून पालक खूश असतात. पण पट्टे लवकर मिटल्याने पुढे तीच बुटकी राहू शकतात.