भिंगाच्या गाभ्यातली तारीख

१६ फेब्रुवारी १९८० च्या दुपारी सूर्यग्रहण होते. कारवार ते रायचूर पट्ट्यात ते खग्रास दिसले, आमच्या सांगली भागात खंडग्रास. रस्ते ओस पडले होते. माझ्या धाकट्या आत्याला तेव्हा सहावा महिना होता आणि ग्रहण लागलेले असताना तिने विळीवर भाजी चिरली. मे महिन्यात तिला मुलगा झाला. त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांत मधोमध पांढरा ठिपका होता. डॉक्टरांनी जन्मजात मोतीबिंदू सांगितला. सासरच्यांचा निवाडा मात्र त्याआधीच झाला होता : ग्रहणात विळी हातात घेतली, त्याचे हे फळ.

मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. पुढे वाणिज्य शाखेत शिकलो, हिशेबनीस म्हणून नोकरी केली. जीवशास्त्र मी ग्रंथालयांत बसून, शब्दकोश उशाला घेऊन शिकलो. डोळ्यातले भिंग कसे घडते आणि कोणाच्या सांगण्यावरून घडते, हा प्रश्न आत्याच्या घरातून माझ्यामागे लागला. त्याच्या शोधाचा इतिहास शंभर वर्षांहून मोठा आहे.

भ्रूणाच्या मेंदूतून दोन्ही बाजूंना एकेक फुगवटा बाहेर येतो. ही नेत्रपुटिका. ती वरच्या त्वचेला टेकली, की तिथली त्वचा जाड होते, आत वळते आणि तुटून तिची लहानशी पोकळ गोळी बनते. तेच भावी भिंग. १९०१ मध्ये जर्मनीत हान्स स्पेमान यांनी बेडकाच्या कोवळ्या भ्रूणात पुटिका बनणारी जागाच तापलेल्या सुईने जाळली. त्या बाजूला भिंग आले नाही. १९०४ मध्ये अमेरिकेत वॉरन लुईस यांनी पुटिका उचलून दुसरीकडच्या त्वचेखाली बसवली आणि तिथे भिंग तयार झाल्याचे नोंदवले. निष्कर्ष सरळ दिसत होता : पुटिका हुकूम देते, त्वचा तो पाळते.

पण साक्षी जुळत नव्हत्या. मेन्स्ल यांनी १९०३ मध्ये सामन माशाच्या अशा भ्रूणाचे वर्णन केले, ज्यात डोळ्याचा पेला नव्हता, पण भिंग होते. हेलन डीन किंग यांना १९०५ मध्ये बेडकाच्या दुसऱ्या जातीत पुटिका नष्ट करूनही भिंग सापडले. पुढे खुद्द स्पेमान यांनाही एका वेगळ्या जातीत तेच दिसले आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे छापले. तरी पाठ्यपुस्तकांत 'हुकूम आणि पालन' हीच गोष्ट टिकून राहिली. १९८८ मध्ये रॉबर्ट ग्रेंजर आणि सहकाऱ्यांनी पेशींना खूण करून लुईस यांचा प्रयोग पुन्हा केला. कोणती पेशी दात्याची आणि कोणती यजमानाची, हे आता ओळखता येत होते. बसवलेली पुटिका एकटी कुठल्याही त्वचेतून भिंग उभे करू शकत नाही, असे आढळले. डोक्याकडची त्वचा त्याआधीच हळूहळू तयार होत आलेली असते; पुटिका येते ती शेवटी.

त्वचा 'तयार होते' म्हणजे नेमके काय होते? हे उत्तर जनुकांकडून आले, तेही दुसऱ्याच वाटेने. १९१५ मध्ये मिल्ड्रेड होग यांनी फळमाशीतल्या एका दोषाचे वर्णन केले. त्या माश्यांचे डोळे अगदी लहान असत किंवा नसतच. दोष चौथ्या गुणसूत्रावर होता. १९६७ मध्ये रॉबर्ट्स यांनी लहान डोळ्यांच्या उंदरांची नोंद केली. दोन्ही पालकांकडून तो दोष मिळालेल्या पिल्लांना डोळे नसतात, नाकही नसते आणि ती जन्मताच मरतात. माणसांत बुबुळाशिवाय जन्मणारी मुले डॉक्टरांना माहीत होतीच. त्यांच्यातल्या अनेकांना मोतीबिंदूही होतो. हे तीन कागद तीन वेगळ्या कपाटांत पडून होते.

१९९१ मध्ये उंदराचा आणि माणसाचा दोष एकाच जनुकात असल्याचे सिद्ध झाले. त्याचे नाव पॅक्स-६. १९९४ मध्ये बाझेल येथील वॉल्टर गेहरिंग यांच्या प्रयोगशाळेत माशीतले जनुकही त्याचेच भावंड निघाले. पुढच्या वर्षी तिथेच हे जनुक माशीच्या पंखांत, पायांत आणि मिशांत चालू करण्यात आले, आणि त्या जागी डोळे उगवले. उंदराचे जनुक वापरले तरी उगवले, फक्त डोळे माशीचेच होते.

माझ्या दृष्टीने त्याहून मोलाचा प्रयोग १९९४ मध्ये जपानमध्ये झाला. त्याचा गाजावाजा कमी झाला. फुजिवारा आणि सहकाऱ्यांनी लहान डोळ्यांच्या रॅटच्या भ्रूणांतून पुटिका आणि त्वचा वेगळ्या केल्या व निरोगी भ्रूणांतल्या तुकड्यांशी अदलाबदल करून जोडल्या. दोषी पुटिकेवर निरोगी त्वचा ठेवली, तर भिंग आले. निरोगी पुटिकेवर दोषी त्वचा ठेवली, तर आले नाही. म्हणजे पॅक्स-६ लागते ते त्वचेत. हाक कितीही मोठी असली तरी ऐकणाऱ्याला कान हवेत. स्पेमान आणि किंग या दोघांनीही जे पाहिले ते खरेच होते. दोघांच्या बेडकांत त्वचेची तयारी वेगवेगळी झालेली होती.

आता आत्याच्या प्रश्नाकडे येतो. त्वचेपासून तुटलेली गोळी पोकळ असते. तिच्या मागच्या भिंतीतल्या पेशी लांब होत पोकळी भरून टाकतात. १९६३ मध्ये जेन आणि आल्फ्रेड कुलोम्ब्र या दांपत्याने कोंबडीच्या भ्रूणातले भिंग उलटे फिरवले. पुढची बाजू दृष्टिपटलाकडे येताच तिथल्या पेशी लांब होऊ लागल्या. म्हणजे पेशी कशी वाढणार, हे आतून येणारे संकेतही ठरवतात. ते संकेत कामी लावणारी जनुके पुढे सापडली. १९९९ मध्ये सी-माफ हे जनुक नसलेल्या उंदरांत मागच्या पेशी लांब झाल्याच नाहीत आणि गोळी पोकळच राहिली.

लांब झालेली पेशी क्रिस्टलिन प्रथिनांनी भरते आणि प्रकाशाच्या वाटेत अडथळा नको म्हणून आपले केंद्रकही मोडून टाकते. मग ती जात नाही, बदलतही नाही. नवे तंतू तिच्यावर थर देत राहतात, कांद्यासारखे. म्हणून भिंगाचा गाभा हा त्याचा सर्वांत जुना भाग असतो. माणसात तो गाभा गरोदरपणाच्या दुसऱ्या महिन्याच्या अखेरीपर्यंत भरून झालेला असतो.

गाभ्यातल्या मोतीबिंदूचा जनुकांशी संबंधही त्याच १९६३ साली पुढे आला. रेनविक आणि लॉलर यांना एका कुटुंबात असा मोतीबिंदू डफी रक्तगटाबरोबर पिढ्यान्‌पिढ्या उतरताना दिसला. १९६८ मध्ये डफीची जागा पहिल्या गुणसूत्रावर निश्चित झाली. १९९८ मध्ये त्याच कुटुंबात दोषी जनुक सापडले. भिंगातल्या पेशींमधले जोडमार्ग घडवणारे, कनेक्सिन-५०. दुसरे कारण सिडनीच्या नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्येच दाखवले होते : आईला गरोदरपणाच्या सुरुवातीला झालेला जर्मन गोवर. दोन्हींत आईचा दोष नाही.

आतेभावाच्या जुन्या कागदांवर 'मध्यभागी अपारदर्शकता' असे लिहिलेले आहे. गेल्या वर्षी मी ते घेऊन आत्याकडे बसलो आणि एका पाठकोऱ्या कागदावर कांदा काढला. तिला म्हणालो, "आत्या, मधला भाग दुसऱ्या महिन्यात भरतो. ग्रहण तुला सहावा लागल्यावर झालं. तू विळी घेतलीस तेव्हा तो गाभा बनून तीन महिने होऊन गेले होते."

तिने कागद बराच वेळ पाहिला. मग विचारले, "हे कधी कळलं लोकांना?"

गाभा आधी भरतो, हे तर ग्रहणाच्या कितीतरी आधीपासून छापलेले होते. मी तसे सांगितले.

"मग सासूबाई होत्या तेव्हा कुणी का नाही आलं सांगायला?" ती म्हणाली.