लॅन केबलच्या पिळाची कुळकथा

ऑफिसात किंवा शाळेच्या संगणक कक्षात केसिंग-पट्टीतून फिरणाऱ्या लॅन केबलचं आवरण सोललं, की आत आठ तारा दिसतात. दोन-दोन तारा एकमेकींभोवती पिळून केलेल्या चार जोड्या. हा पीळ संगणकाहून कितीतरी जुना आहे. तो टेलिफोनच्या घराण्यातून आला.

सुरुवातीच्या टेलिफोनला एकच तार असे, परतीचा मार्ग जमिनीतून. शहरांत विजेचे दिवे आणि ट्राम आल्या तशी त्या तारेत घरघर शिरली आणि बोलणं ऐकू येईना. म्हणून परतीलाही तार ओढली. पण दोन तारा नुसत्या शेजारी-शेजारी नेऊन भागत नव्हतं. गोंगाटाच्या जवळची तार तो जास्त उचले, लांबची कमी. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या 1881 च्या पेटंटात यावर उपाय आहे: दोन्ही तारा पिळायच्या. मग जवळची तार पुढच्याच वेढ्यात लांब जाते, लांबची जवळ येते आणि दोघींच्या वाट्याला गोंगाट सारखाच येतो. पलीकडे दोन तारांमधला फरक तेवढा मोजला जातो, त्यामुळे जे सारखं आहे ते वजाबाकीत उडतं.

इथरनेट मात्र पिळाशिवाय जन्मलं. 1973 मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी एकाच कोॲक्सियल केबलवर सगळी यंत्रं जोडली. पुढे पातळ कोॲक्सियल आली. ती एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जाई. मधला एक सांधा निखळला की सगळी लाइन बंद, आणि दोष शोधत टेबलामागून टेबल तपासत जायचं.

टेलिफोनवाल्यांनी हा प्रश्न आधीच सोडवला होता. त्यांच्या इमारतींत प्रत्येक टेबलापासून स्वतंत्र जोडी निघून मजल्यावरच्या एका खोलीत जाई. 1990 च्या 'टेन बेस टी' मानकाने हीच रचना आणि हीच पिळलेली तार उचलली: प्रत्येक यंत्राला आपली केबल, सगळ्या मध्यावरच्या हबकडे. एक तुटली तर एकच यंत्र बंद. अंतराची मर्यादा 100 मीटर. आजही नेटवर्कचा आराखडा या आकड्यावरूनच सुरू होतो: 90 मीटर भिंतीतून आणि उरलेले 10 मीटर दोन टोकांच्या पॅच कॉर्डना. रॅक कुठे ठेवायचा, हे यावरूनच ठरतं.

घराण्याची खूण कनेक्टरमध्येही आहे. रंगांच्या प्रचलित क्रमात नारिंगी जोडी 1-2 वर, निळी 4-5 वर, तपकिरी 7-8 वर; हिरवी मात्र फुटून 3 आणि 6 वर, निळीच्या दोन बाजूंना. टेलिफोनच्या जॅकमध्ये पहिली लाइन मधल्या दोन पिनांवर आणि दुसरी तिच्या दोन्ही अंगांना असे. तीच बैठक इथे आली.

नवशिक्या मुलाला हे सांगितलं नाही, तर तो चारही जोड्या ओळीने लावून क्रिम्प करतो. दोन्ही टोकं सारखी असल्याने साध्या टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागतात. पण 3 आणि 6 वर आता दोन वेगळ्या जोड्यांच्या तारा आल्या. त्यांना एकमेकींचा पीळ नाही, म्हणून वजाबाकीही नीट होत नाही. नेट कधी चालतं, कधी रखडतं आणि दोष स्विचवर जातो.

चारही जोड्यांचे वेढे कमी-जास्त दाट असतात तेही मुद्दाम, एकीचं बोलणं दुसरीत उतरू नये म्हणून. क्रिम्प करताना कॅट फाइव्ह केबलचा पीळ 13 मिलिमीटरपेक्षा जास्त उकलू नये, हा नियमही त्याच कारणाचा. रंगांचा क्रम पाठ करून घेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने आधी पिळाचं हे कारण शिकवावं. ते ज्याला कळलं, तो केबल घाईने ओढणार नाही, विजेच्या वायरीला चिकटवून नेणार नाही आणि नुसते दिवे लागले म्हणून काम संपलं असं म्हणणार नाही.