नागपूरचीं शिळावर्तुळें



सानपाडा हें आज नव्या मुंबईंतलें एक गजबजलेलें उपनगर आहे. परंतु १९७० सालीं 'सिडको'ची स्थापना होऊन ज्या ९५ गांवांच्या जमिनींवर हें शहर वसवावयाचें ठरलें, त्यांतलेंच तें एक खाडीकांठचें गांव. भातशेती, मीठ आणि मासळी यांवर तेथील आगरी-कोळी मंडळींचा संसार चालत असे. अशा गांवीं राहणाऱ्या एखाद्या जिज्ञासू गृहस्थाला 'प्रागैतिहासिक काळचे उभे दगड आणि थडगीं पाहावयास चला' असें म्हटलें, तर तो साहजिकच आधीं आपल्या आसपास दृष्टि फिरवील. उभे दगड कोंकणांत पुष्कळ आहेत. वेशीवर शेंदूर माखलेला दगड असतो. देवळामागें वीरगळ असतो. कोठें चंद्रसूर्य कोरलेली आणि दानपत्र मोडणाऱ्यास अभद्र शाप देणारी गधेगाळ असते. बोरिवलीजवळ एकसरला तर नौकायुद्धाचे देखावे कोरलेले मोठे वीरगळ आजही पाहावयास मिळतात. पण हे सारे दगड बोलके आहेत. त्यांवर चित्र आहे, कोठें अक्षरही आहे. त्यांमागें शिलाहार-यादवांसारखें राजकुल आहे. म्हणजे ते इतिहासाच्या उजेडांतले झाले. ज्यांवर अक्षर नाहीं, ज्यांच्यामागें राजाचें नांव नाहीं, असे दगड पाहावयाचे तर घाट चढून, सारा महाराष्ट्र ओलांडून नागपुराकडे गेलें पाहिजे.

नागपूरहून काटोलच्या रस्त्यानें वायव्येस थोडें गेलें कीं जुनापाणी लागतें. गांव लहान, जमीन मुरमाड, मधूनमधून खुरटीं झुडपें. नवख्या माणसाला तेथें प्रथम कांहींच दिसत नाहीं. काळे धोंडे इतस्ततः पडलेले आहेत, इतकेंच वाटतें. मग एका धोंड्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर नजर गेली कीं एकाएकीं ध्यानांत येतें, हे धोंडे पडलेले नाहींत, मांडलेले आहेत. एक वर्तुळ पुरें होतें. त्याच्या पलीकडे दुसरें. मग जिकडे पाहावें तिकडे वर्तुळेंच. या एका ठिकाणीं अशीं सुमारें ३०० वर्तुळें मोजलीं गेलीं आहेत. मध्यभागीं गोट्यांचा आणि मातीचा उंचवटा, त्याला बांध घालावा तसें भोंवतीं मोठ्या शिळांचें कडें, आणि उंचवट्याखालीं माणसाचीं अस्थि व त्याचें सामान, अशी या थडग्यांची साधारण रचना आहे. इंग्लंडांतल्या स्टोनहेंजसारखे गगनाला भिडणारे स्तंभ येथें नाहींत. तशी अपेक्षा धरून जाणारा मनुष्य निराश होऊन परतेल. या दगडांचें वैभव उंचींत नाहीं, संख्येंत आहे.

खेड्यांतल्या लोकांनीं हे दगड अर्थातच फार पूर्वींपासून पाहिले होते, व ते कुणा प्राचीन गवळी लोकांचे असें ते सांगत. सुशिक्षितांचें लक्ष त्यांकडे गेलें तें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, आणि त्या कथेला एक दुःखाची किनार आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ सालीं नागपूरला आले. धर्मप्रसाराइतकाच त्यांना भूगर्भशास्त्राचा आणि गोंड लोकांच्या भाषा-चालीरीतींचा नाद होता. नागपूरच्या दक्षिणेस बोरीजवळ टाकळघाट येथें अशींच वर्तुळें आहेत. तीं पाहण्यासाठीं १८६३ च्या सप्टेंबरांत मध्यप्रांताचे अधिकारी रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत ते तेथें गेले होते. परततांना पुराच्या पाण्यानें भरलेला ओढा ओलांडीत असतां ४ सप्टेंबर रोजीं ते बुडून मरण पावले. त्यांनीं जमविलेलीं गोंडांविषयींचीं टिपणें पुढें १८६६ सालीं टेंपल यांनींच संपादून प्रसिद्ध केलीं. नागपूरचें हिस्लॉप कॉलेज याच गृहस्थांच्या नांवाचें. परंतु त्यांचा शेवट शिळावर्तुळांच्या वाटेवर झाला, हें त्या कॉलेजांत शिकलेल्यांपैकीं कितीकांना ठाऊक असेल कोण जाणे.

त्यानंतर रिव्हेट-कार्नाक या मुलकी अधिकाऱ्यानें जुनापाणीचीं कांहीं वर्तुळें उकरलीं आणि १८७९ सालीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत त्यांचें वर्णन छापलें. त्याच्या नजरेला एक गोष्ट विशेष आली. वर्तुळांतल्या कांहीं शिळांवर वाटीसारखे लहान लहान खळगे मुद्दाम कोरलेले आहेत. कांहीं मोठे, कांहीं लहान, आणि ते ओळीनें मांडलेले. असेच खळगे स्कॉटलंडांतल्या जुन्या दगडांवर आहेत, तेव्हां हें करणारे लोक एकाच वंशाचे असावेत, असा तर्क त्यानें केला. त्या काळच्या विद्वानांना असे दूरचे नातेसंबंध जुळविण्याची मोठी हौस होती. मला स्वतःला हा तर्क पटत नाहीं. दगडाला दगडानें ठोकून खळगा करणें ही गोष्ट इतकी साधी आहे कीं ती पृथ्वीच्या पाठीवर दहा ठिकाणीं दहा वेळां सुचूं शकेल. अलीकडे कांहीं अभ्यासकांनीं या खळग्यांच्या दिशांचा संबंध आकाशांतील ग्रहताऱ्यांशीं लावून पाहिला आहे. तो प्रयत्न कुतूहलजनक आहे, एवढेंच म्हणावें. दगड मूळच्या जागेवरून हलले असतील तर दिशेचा हिशेब करणें अवघड होतें, हें मात्र विसरतां कामा नये.

खरें शास्त्रीय उत्खनन सुरू झालें तें स्वातंत्र्यानंतर. १९६१-६२ मध्यें भारतीय पुरातत्त्व खात्याच्या बा. कृ. थापर यांनीं जुनापाणीचीं तीन वर्तुळें खणलीं. पुढें डॉ. शां. भा. देव यांनीं नागपूर विद्यापीठाच्या वतीनें टाकळघाट-खापा आणि माहुरझरी, व नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सहकार्यानें नायकुंड व भागीमोहारी येथें कामें केलीं. विदर्भाच्या या लोहयुगाविषयीं आज आपण जें जाणतों, त्यांतला मोठा भाग या एका विद्वानाच्या चिकाटीचें फळ आहे. या सर्व उत्खननांवरून काळ ठरला तो स्थूलमानानें इसवी सनापूर्वींचीं शेवटचीं सहस्र वर्षें, त्यांतही विशेषेंकरून आरंभापासून मौर्य काळापर्यंतचा भाग. म्हणजे तिकडे गंगेच्या कांठीं बुद्ध उपदेश करीत हिंडत होते, त्या सुमारास इकडे वैनगंगेच्या खोऱ्यांत हे लोक आपल्या मृतांभोंवतीं धोंडे रचीत होते.

वर्तुळांत सांपडतें काय? पूर्ण सांगाडा क्वचितच. बहुधा हाडांचे तुकडेच असतात. त्यावरून अनेक ठिकाणीं प्रेत प्रथम अन्यत्र ठेवून मागाहून उरलेलीं हाडें गोळा करून पुरीत असावेत, असें दिसतें. हाडांबरोबर मडकीं असतात. आंत काळीं, बाहेर तांबडीं, अशीं भाजलेलीं. लोखंडाच्या कुऱ्हाडी, कट्यारी, छिन्न्या, वांकस असतात. यांतल्या कुऱ्हाडीची एक मौज आहे. तिला दांडा घालावयास भोंक नाहीं. चपट्या पात्याला लोखंडी पट्ट्या आडव्या बांधून ती दांड्यांत बसविलेली. कार्नेलियनचे म्हणजे तांबड्या अकीकाचे मणी असतात, त्यांवर पांढऱ्या रेघांची नक्षी काढलेली. तांब्याच्या भांड्यांचीं झांकणें असतात, आणि झांकणाच्या माथ्यावर मुठीऐवजीं एक छोटा पक्षी बसविलेला असतो. ज्या कारागिरानें तो पक्षी घडविला त्याला ठाऊक होतें कीं हें झांकण मातीखालीं जाईल. तरी त्यानें चोंच आणि शेपटी नीट केली.

पण या थडग्यांतलें सर्वांत विलक्षण दृश्य म्हणजे घोडा. माहुरझरीला माणसाच्या अवशेषांसन्निध घोड्याचा सांगाडा निघाला. तोंडांत लोखंडी लगाम, आणि कपाळावर तांब्याच्या पत्र्याचा साज. तो साज चामड्यावर शिवलेला असावा. हाडांवर घाव घातल्याच्या खुणा होत्या. तो घोडा म्हातारपणीं मेला नाहीं. धन्याबरोबर पाठविण्यासाठीं त्याला सजविलें आणि मारलें. दक्षिणेकडच्या बृहत्-पाषाणी थडग्यांत मेलेल्याचें सामान सर्वत्र सांपडतें, परंतु घोड्याचा हा मान विदर्भांत जितका दिसतो तितका इतरत्र क्वचितच. हे लोक स्वार होते, आणि ज्याच्यापाशीं घोडा आहे तो चारचौघांपेक्षां मोठा, अशी त्यांची समजूत होती, एवढें तरी यावरून निश्चित म्हणतां येतें. सगळ्याच मृतांच्या वाट्याला वर्तुळ येत नसे, हेंही उघड आहे. एवढे धोंडे ओढून आणावयाचे म्हणजे पांचपन्नास माणसांचे हात हवेत, आणि ते बोलाविण्याची ऐपत हवी.

हें लोखंड त्यांनीं आणलें कोठून? याचें उत्तर नायकुंडनें दिलें. पेंच नदीच्या बाजूस असलेल्या या गांवीं १९७८ ते १९८० च्या उत्खननांत लोखंड गाळण्याची भट्टीच हातीं लागली. विटांनीं बांधलेली, वारा फुंकण्यासाठीं मातीच्या नळ्या बसविलेली. म्हणजे थडग्यांतल्या कुऱ्हाडी कोणी परदेशीं विकत घेतल्या नव्हत्या. त्या इथल्याच मातींतून, इथल्याच कोळशावर निघाल्या. त्यांचीं घरें मात्र लांकडी खांबांचीं आणि कुडाचीं. तीं कधींच मातीस मिळालीं. स्वतः कुडाच्या घरांत राहावें आणि मेलेल्याला शिळांचें घर द्यावें, असा हा व्यवहार.

याची तुलना पश्चिम महाराष्ट्राशीं करून पाहण्यासारखी आहे. पुणें जिल्ह्यांत शिरूर तालुक्यांत इनामगांव येथें याहून कांहीं शतकें आधींची वस्ती डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनीं खणली. तेथें मृताला राहत्या घराच्या जमिनीखालींच पुरीत. लहान मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवीत, आणि कित्येक मोठ्या माणसांचे पाय घोट्याखालीं तोडलेले आढळले; जणूं त्यांनीं उठून कोठें जाऊं नये! इनामगांवचें माणूस आपल्या मृताला घरांत धरून ठेवतें. जुनापाणीचें माणूस त्याला घोडा देऊन गांवाबाहेर माळावर पोंचवितें. दोन्हींत माया आहे आणि दोन्हींत भयही आहे, असें मला वाटतें.

दगड उभारण्याची ही रीत साफ नाहींशी झाली असेंही नाहीं. बस्तरच्या माडिया गोंडांत मृतासाठीं शिळा उभी करण्याची चाल असल्याचें ग्रिगसन यांनीं १९३८ च्या आपल्या ग्रंथांत वर्णिलें आहे. आपल्या गडचिरोली जिल्ह्यांतल्या माडियांतही ती ओळखीची आहे. आसामलगतच्या खासी टेंकड्यांत तर अशा शिळांचीं बनेंच आहेत. यावरून जुनापाणीचे लोक गोंडांचे पूर्वज ठरतात काय? तसें म्हणण्यास पुरावा पुरेसा नाहीं. मध्यें दोन हजार वर्षांचें अंतर आहे. परंतु दगड कां उभारतात हें ज्याला विचारावयाचें असेल, त्यानें पुस्तकापूर्वीं माडिया म्हाताऱ्याला विचारावें.

आतां एक गोष्ट अधिक सांगितली पाहिजे. हीं वर्तुळें बहुधा मुरमाड, खडकाळ, पिकास निरुपयोगी अशा जमिनीवर आहेत. काळी कसदार जमीन त्या लोकांनीं शेतीसाठीं राखली आणि मृतांना माळ दिला. त्या माळावर नांगर चालत नव्हता, म्हणूनच अडीच हजार वर्षें तीं टिकलीं. परंतु जी जमीन शेतकऱ्याला नको तीच आज शहराला हवी आहे. मुरूम रस्त्याला लागतो; धोंडा खडीला लागतो; सपाट माळ घरांच्या भूखंडांना आणि कारखान्यांना लागतो. हिंगणा-निलडोहकडे औद्योगिक वसाहत वर्तुळांच्या शेजारींच वाढली. कित्येक स्थळें केंद्र सरकारनें संरक्षित ठरविलीं आहेत, आणि १९५८ च्या कायद्यांत २०१० सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवें बांधकाम करण्यास मनाई, तर त्यापुढें २०० मीटरपर्यंत परवानगीचें बंधन आहे. कायदा चांगला आहे. पण देवळाचा कळस लांबून दिसतो, किल्ल्याचा तट दिसतो. अर्धा पुरलेला धोंडा यंत्र चालविणाऱ्याला दिसत नाहीं. त्यानें एका सकाळीं दहा धोंडे बाजूला सारले तर त्यांत त्याचा हेतु वाईट असतोच असें नाहीं. ते वर्तुळ होते हें त्याला कोणी सांगितलेलेंच नसतें. सानपाड्याच्या लोकांना हें समजावून सांगावयास नको. पारसिकच्या डोंगराची खडी कशी झाली, हें त्यांनीं आपल्या दारांतून पाहिलें आहे.

ज्यांना जावयाचें असेल त्यांनीं पावसाळा संपून गवत वाळल्यावर, मार्गशीर्ष-पौषांत जावें. गवत उंच असतां वर्तुळें दिसत नाहींत, आणि उन्हाळ्यांत नागपूरचा माळ कोणालाही उभें राहूं देत नाहीं. मुंबईहून रात्रीची गाडी धरली म्हणजे सकाळीं नागपूर येतें. प्रथम १८६३ सालीं स्थापन झालेलें तेथील मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला गांवकरी 'अजब बंगला' म्हणतात, तें पाहावें, आणि मग जुनापाणीस जावें. सकाळीं लौकर किंवा दिवस कलतां पोंचणें बरें. ऊन तिरपें असलें म्हणजे शिळांवरचे खळगे सांवलीनें भरून स्पष्ट उठून दिसतात, भर दुपारीं ते हाताला लागतात पण डोळ्यांना दिसत नाहींत. मणी किंवा खापर दृष्टीस पडलें तरी उचलूं नये. तें कोठें पडलें होतें यांतच त्याचा अर्थ असतो, आणि खिशांत गेलेला मणी नुसता मणी उरतो. एखादें वर्तुळ अर्धें मोडलेलें आढळलें तर त्याचें छायाचित्र व ठिकाण नागपूरच्या पुरातत्त्व कचेरीस कळवावें. आणि परत येतांना वेळ असेल तर दक्षिणेकडे टाकळघाटासही जाऊन यावें. ज्या ओढ्यांनीं हिस्लॉपसाहेबांची वाट अडविली, ते त्या दिवसांत बहुधा उतरलेले असतात.